शेजारचा पाट

विश्रामगुरुजी माझ्या दुकानात येऊन बसायला लागले ते त्यांची बायको गेल्यानंतर. डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या गल्लीत माझं पूजासाहित्याचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. गुरुजी यायचे, स्टुलावर टेकायचे आणि माझ्याच मालातल्या चुका मला दाखवायचे. "हेमा, या समिधा नव्हेत, हे सरपण आहे." मी म्हणायची, "मग आंघोळीचं पाणी तापवा त्याच्यावर." असं आमचं चालायचं.

गुरुजींना मूलबाळ नाही. सकाळी कुकर लावायचा आणि रात्री तोच भात फोडणीला टाकायचा, हा त्यांचा संसार. यजमान पुष्कळ होते. पण पूजा आटोपली की लोक गुरुजींना लिफ्टपर्यंत सोडतात आणि दार लागलं की विसरतात. अपवाद एकाच घराचा, सुमेधाताईंचा. ताई शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा लवकर गेलेला, मुलगा एकच, अपूर्व. त्याची मुंज गुरुजींनी लावली, संध्या त्यांनी शिकवली, गणपती दरवर्षी तेच बसवायचे. त्या घरी ते नुसते जेवायचे नाहीत. वरणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायचे, ताईंशी वाद घालायचे आणि दुपारी तिथेच सतरंजी टाकून घोरायचे. हक्काने कुरकुर करायला जगात त्यांना एवढं एकच घर उरलं होतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अपूर्वने ठाण्यात बाळकुमला फ्लॅट घेतला तो सुदेशबरोबर. सुदेश ठाण्यातल्याच खोपटचा, वडील एसटीत ड्रायव्हर. दोघं बरीच वर्षं एकत्र. सुमेधाताईंना हे पचवायला वेळ लागला. आधी रडल्या, मग गप्प झाल्या, आणि एके दिवशी बाजारात मला म्हणाल्या, "माझी दोन्ही मुलं यायचीयत आज, पालेभाजी जास्त घेते." गुरुजींना कळत नव्हतं असं नाही. सुदेशने वाढलेलं ते खायचे, त्याच्या हातचा चहा मागून प्यायचे. पण तोंडाने कोणी बोललं नाही की ती गोष्ट नसतेच, या समजुतीवर आपल्याकडे कितीतरी घरं चालतात. हेही चाललं होतं.

अडलं ते वास्तुशांतीला. गुरुजी माझ्याकडेच भेटतील म्हणून दोघं दुपारी दुकानात आले. मुहूर्त ठरला, यादीप्रमाणे मी सामान पिशवीत भरलं. मग अपूर्व म्हणाला, "गुरुजी, पूजेला आम्ही दोघं बसणार. शेजारी शेजारी."

वास्तुशांतीला दोन पाट मांडतात. एकावर यजमान, शेजारच्या पाटावर त्याची बायको. तो आहुती देतो तेव्हा ती त्याच्या हाताला हात लावते, म्हणजे कर्म दोघांचं होतं.

गुरुजी बराच वेळ उपरण्याची दशी पिळत बसले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अपूर्व, तू बैस. पत्नी नसेल तर शास्त्रात सोय आहे. कमरेला सुपारी लावायची, ती पत्नीच्या जागी. सुदेश बाजूला बसेल, फुलं-अक्षता देईल हाताशी."

त्यांना वाटलं, आपण मार्ग काढला. खरंच वाटलं. चेहऱ्यावर समाधान होतं त्यांच्या.

"माझ्या जागी सुपारी?" सुदेश म्हणाला. "गुरुजी, मी जिवंत उभाय ना तुमच्यासमोर. फ्लॅटच्या कागदावर माझं नाव चालतं, बँकेला चालतं, आणि पाटावर सुपारी बसणार?"

"अरे, तुम्ही सुखाने राहा. मी कधी वावगं बोललो का? पण जे संकल्पात बसत नाही ते देवापुढे मी म्हणायचं कसं?"

"मग आम्हाला नाही म्हणून सांगा ना सरळ."

"नाही कुठे म्हणतोय? सुपारी लावा, मी येतो."

अपूर्व पुढे आला. त्याचे डोळे भरले होते. तो वाकून गुरुजींच्या पाया पडला आणि म्हणाला, "नको गुरुजी. राहू दे." दोघं निघून गेले. सामानाची पिशवी काउंटरवरच राहिली.

मी धावत जाऊन पिशवी दिली आणि विचारलं, "काय रे, याला कायदा वगैरे काही नाही का? एखाद्या हॉटेलवाल्याने जेवायला नाही म्हटलं असतं तर?"

"हॉटेलवाल्याशी भांडलो असतो, काकू," अपूर्व म्हणाला. "कायद्यात तर अजून आमचं लग्नच बसत नाही. आणि उद्या बसलं, तरी गुरुजींना पोलीस लावून आणू का आशीर्वादाला?"

मी दुकानात परत आले ती तणतणत. "एका पाटाने तुमचा धर्म बुडतो काय हो? माझ्याकडे येईल त्याला मी कापूर देते. घरी कोण कोणाबरोबर राहतो ते विचारत नाही."

"तू कापूर विकतेस, हेमा. कापराला तोंड नसतं. मला माझ्या तोंडाने म्हणावं लागतं. मनात नसलेलं म्हटलं तर ती पूजा नव्हे, नाटक. चालेल तुला?"

मी जास्तच चिडले. माणूस खोटा असता तर सोपं होतं. दक्षिणेसाठी वाटेल ते म्हणणारे रोज बघते मी. हे तसे नव्हते, आणि तरीही त्यांनी एका चांगल्या मुलाला त्याच्याच घरात बाजूला बसायला सांगितलं होतं. दोन्ही खरं होतं. माझं डोकं उठलं.

वास्तुशांती झाली. ठाण्याचे कोणी गुरुजी मिळाले. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी फक्त "किती वाजता?" एवढंच विचारलं म्हणे. मी गेले होते. सुदेशने अपूर्वच्या हाताला हात लावला तेव्हा सुमेधाताई पदराने डोळे पुसत होत्या. जेवताना मी गुरुजींचा विषय काढला. ताई म्हणाल्या, "राग नाही गं माझा. पण माझ्या मुलाला सुपारीने भागवणाऱ्या माणसाच्या पाया आता कशी पडू? वाकताच येणार नाही मला."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, "मंत्र स्वच्छ होते का त्याचे?"

"बरे होते."

"घाई नाही ना केली?"

"नाही."

"मग ठीक." आणि थोड्या वेळाने, "रागावलेत. गणपतीला बोलावतील."

त्यांना मनापासून तसं वाटत होतं. त्यांच्या लेखी नियम वेगळा आणि माया वेगळी. नियम सांगितला म्हणून माया कमी का व्हावी? जन्मभर ते लोकांना हे चालतं, ते चालत नाही असं सांगत आले आणि लोक मान डोलावत आले. चालत नाही ते सामान नसून माणूस असलं, की तो माणूस उठून जातो, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. मी सांगून पाहिलं. "तुम्ही फोन करा, गुरुजी." तर म्हणाले, "मी काय चुकलोय?"

गणेशचतुर्थीच्या सकाळी डोंबिवलीत मोकळा गुरुजी शोधून सापडत नाही. एकेक जण स्कूटरवर मागे बसून या सोसायटीतून त्या सोसायटीत पळत असतो. त्या सकाळी विश्रामगुरुजी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पोथीची पिशवी मांडीवर घेऊन माझ्या दुकानात स्टुलावर बसले होते. दुर्वा, केवडा, कापूसवस्त्रं घ्यायला ही झुंबड. लोक त्यांना बघून हरखायचे. "गुरुजी, चला ना आमच्याकडे, रिक्षा उभी आहे!" ते हात जोडून सांगायचे, "माझी ही वेळ दिलेली आहे."

फोन वाजला तो माझा. सुमेधाताईंनी फोटो पाठवला होता. ताईंकडचा गणपती यंदा बाळकुमच्या घरात, पुढे अपूर्व आणि सुदेश, दोघांच्या कपाळाला गंध. मी फोन पटकन उपडा ठेवला, पण गुरुजींनी पाहिलंच.

"बसला गणपती?"

"बसला."

"कोणी बसवला?"

"अपूर्वने. तुम्हीच शिकवलंयत त्याला."

ते थोडं हसले. मग गर्दीत कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "माझं काही विचारलंय का गं त्यांनी?"

सगळ्या गावाला तोंडावर बोलणारी मी, दुर्वांच्या जुड्या सारख्या करायला लागले. "नाही, गुरुजी," म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. एवढ्यात एक तरुण बाप लहान मुलीला कडेवर घेऊन घाईघाईने आत शिरला. "गुरुजी, आमचे गुरुजी आलेच नाहीत. मूर्ती आणून ठेवलीय, मुलं उपाशी आहेत. याल का? पाच मिनिटांवर घर आहे."

मी गुरुजींकडे पाहिलं. जा हो, म्हणत होते मनात.

"नाही येता येणार," गुरुजी म्हणाले. "ही माझी सुमेधाताईंकडची वेळ."

आणि बसून राहिले.