साहेबाच्या खुर्चीवर पाट

माझा नवरा बँकेत अधिकारी. दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली, त्यामुळे आमचं सामान एकतर घडी होणारं, नाहीतर मागे सोडून जाता येईल असं. कोलकात्याला आलो आणि या माणसाला जुन्या लाकडाचा नाद लागला. रविवार उजाडला की आंघोळ करून स्वारी जुन्या फर्निचरच्या लिलावात हजर. अशाच एका रविवारी दारात टेम्पोतून सहा खुर्च्या उतरल्या. इंग्रजांच्या काळातल्या, बर्मा सागवानाच्या, उंच ताठ पाठीच्या, बसायच्या जागी वेताची वीण. दोघींना हात, चौघींना नाहीत. टेबल मात्र आमचं तेच, पुण्याहून आणलेलं फोल्डिंगचं. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

लिलाववाल्यानं सांगितलं होतं, इथून जवळच्या बजबज गावातल्या कुठल्याशा ज्यूट मिलमधल्या साहेबाच्या बंगल्यातल्या आहेत. पहिल्या पाहुण्यांना नवऱ्यानं तेवढंच सांगितलं. दुसऱ्या खेपेला साहेब मिलचा मालक झाला. दिवाळीत मराठी मंडळातली माणसं फराळाला आली, तोवर तो फोर्ट विल्यममधला कर्नल झाला होता. बँकेत आमच्या ह्यांचं प्रमोशन दोनदा अडलं, साहेबाचं एकदाही नाही.

आणि बसायला म्हणाल तर शुद्ध शिक्षा. पाय खाली, पाठ ताठ, ओलं फडकं लावायचं नाही, आणि मांडी तर घालायचीच नाही, वीण तुटते. अहो, मराठी माणसाला खुर्ची दिली तरी पाचव्या मिनिटाला त्याचा एक पाय वर येतो, दहाव्याला दुसरा. हे ऑफिसला गेले की मी ताट घेऊन सोफ्यावर मांडी ठोकायची. खुर्च्या साहेबाला लखलाभ.

मग सांगलीहून आप्पा आले, माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून वर्षभर एकटेच होते. डबा यायचा, त्यातलं निम्मं खायचे, निम्मं दारातल्या गाईला घालायचे. शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा मीच हट्ट धरून त्यांना कायमचं बोलावून घेतलं. मंडळातल्या बायकांना केवढं नवल, सून असून सासऱ्याला बोलावते! मला ते घरात हवे होते, सरळ सांगते. सकाळी देवघरातून त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं की परक्या गावात असल्यासारखं वाटायचं नाही.

आप्पांच्या गुडघ्यांची तऱ्हा अशी की मांडी घालता येते, पण जमिनीवरून उठता येत नाही. म्हणजे जेवायला खुर्चीच हवी. नवऱ्यानं मोठ्या मानानं त्यांना हातवाली खुर्ची दिली. आप्पा बुटके, त्यामुळे पाय लोंबकळायचे आणि हातांमुळे गुडघे काही वर घेता येईनात. ताटाभोवती पाणी फिरवायचे, शितांच्या चित्राहुती घालायचे, आणि अर्ध्या पोळीवर पोट भरलं म्हणायचे. साहेबाच्या खुर्चीत बसून माझा सासरा उपाशी राहत होता, आणि पोराला वाटत होतं, वयोमानाप्रमाणे भूक कमी झाली.

एका सुट्टीच्या दिवशी आप्पा गुपचूप बिनहाताच्या खुर्चीवर बसले आणि मांडी घातली. घोट्याखाली वेताच्या दोन काड्या कटकन तुटल्या. नवरा ताडकन म्हणाला, "आप्पा, खुर्ची आहे ही, पाट नाही. पाय खाली सोडून बसा."

आप्पांनी पाय खाली सोडले. पुढ्यातला भात संपवला, हात धुतले. दुपारी मी भांडी लावत होते तिथं येऊन उभे राहिले.

"सूनबाई, माझं परतीचं तिकीट काढायला सांग. तिकडंच बरं वाटतं मला."

साफ खोटं. मला आधी रडू आलं, मग असा राग आला की बोलायची सोय नाही.

पुढच्या रविवारी हे लिलावाला गेले आणि वीण दुरुस्त करायला हावड्याहून मिस्त्री आला. मी त्याला हातवाली खुर्ची दाखवली आणि म्हटलं, आधी हिचे दोन्ही हात काप. त्यानं तीनदा विचारलं, साहेबांना विचारलंय ना? मी म्हटलं, मोठ्या साहेबांसाठीच चाललंय. बिचाऱ्यानं जीव मुठीत धरून करवत चालवली. मग मी माळ्यावरचा आमचा ओवाळणीचा पाट काढला. चार बदल्यांत काय काय फुटलं, हरवलं, पण तो शाबूत होता. बिनहाताच्या खुर्च्यांवर तो मावला नसता, या रुंद खुर्चीवर नीट बसला. मिस्त्रीनं खालून दोन पट्ट्या मारून पक्का केला.

नवरा परतला तेव्हा आप्पा पाटावर मांडी घालून जेवत होते. तिसरी पोळी होती, वरण पुन्हा मागून घेतलं होतं. हा दारातच उभा. एकदा कापलेल्या हातांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी उत्तरं तयारच ठेवली होती, भांडायला अगदी पदर खोचून. पण आधी आप्पाच बोलले, ताटावरून मान न उचलता.

"बस रे. गार होतंय."

हा बसला. साहेबासारखा, पाय खाली सोडून, आणि कुणाकडे न बघता जेवला. माफी वगैरे मागितली नाही. तेवढं मोठं मन लिलावात मिळत नाही. कापलेले हात मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं कपाटावर ठेवले, अजून आहेत. तिकिटाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

परवा मंडळातले एक गृहस्थ आले, कर्नलची गोष्ट ऐकायच्या तयारीनं. सरळ पाटाच्या खुर्चीवर बसायला गेले. आप्पा आत झोपले होते. नवऱ्यानं पुढं होऊन पाहुण्यांना थांबवलं.

"तिथं नका बसू. ती आमच्या आप्पांची आहे."