नावावरची पट्टी

शाळेत तिचा हुद्दा पर्यवेक्षिकेचा, पण सगळे तिला पट्टीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. मात्र स्टाफरूमच्या भिंती काही फार जाड नव्हत्या.

एकाच चुकीला गणिताचे सर पोराला दिवसभर वर्गाबाहेर उभं करत आणि चित्रकलेच्या बाई ‘असू दे रे’ म्हणून सोडून देत. मग पालक भांडायला येत, ते हिच्याच टेबलाशी. शेवटी वैतागून तिने नियमांची वही केली आणि दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांची बैठक घ्यायला लागली. आठवड्यातली एखादी तक्रार ती कागदावर लिहून आणी, मुलाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली. आधी निर्णय, मग पट्टी काढायची. शिक्षकांनी सुरुवातीला नाकं मुरडली.

“आम्ही काय आमची पोरं ओळखत नाही?” गणिताचे सर म्हणाले.

“ओळखता, म्हणूनच झाकलंय.”

हळूहळू भांडणं थांबली आणि, खरं सांगायचं तर, तिला स्वतःचा भलताच अभिमान वाटू लागला.

गेल्या वर्षी परीक्षेत एका मुलीच्या दप्तरात फोन सापडला. वहीत लिहिलं होतं, फोन सापडला की उरलेले पेपर बंद. सगळ्यांनी हात वर केले. पट्टी निघाली, तर खाली शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशींच्या मुलीचं नाव. आईला अधूनमधून चक्कर येते म्हणून पोरीने फोन जवळ ठेवला होता, तोही बंद करून. हे पट्टीबाईला ठाऊक होतं. पण फोन बंद की चालू, असा रकाना वहीत नव्हता, म्हणून तिने ते कागदावर लिहिलंच नाही.

मावशी संध्याकाळी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. “बाई, एवढी एक चूक पोटात घाला.”

“मावशी, उद्या संस्थेच्या अध्यक्षांचा नातू सापडला तरी हेच होईल. शब्द देते तुम्हाला.”

मावशींनी तो शब्द खरा मानला आणि मुकाट्याने परत गेल्या. पोरीचं वर्ष गेलं ते गेलंच. ती आता कपड्यांच्या कारखान्यात शिलाईचे दोरे कापते.

यंदा खरोखरच अध्यक्षांचा नातू सापडला. फोन चालू आणि आत प्रश्नपत्रिकेचा फोटो. शुक्रवारी हात भराभर वर गेले. पट्टी निघाली आणि ते एकेक करून खाली आले. गणिताचे सर खिडकीबाहेर पाहू लागले.

“अल्लड वय आहे,” मुख्याध्यापक घसा खाकरून म्हणाले. “माणूस बघूनच ठरवावं लागतं.”

“गेल्या वर्षी नाही बघितला,” ती म्हणाली.

“गेल्या वर्षीचं गेल्या वर्षी. तुम्ही निवृत्त कधी होताय, पाच महिन्यांनी ना? पेन्शनच्या कागदांवर माझीच सही लागते.” त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. “लिहा, समज देऊन सोडलं.”

तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. कुणीही वर पाहिलं नाही. मग तिने लिहिलं. तिचं ते वळणदार अक्षर एका जागीही हललं नाही, आणि याचीच तिला पुढे सर्वांत जास्त लाज वाटली.

सगळे गेले तरी ती बसूनच राहिली. इतका वेळ बाहेरचा व्हरांडा झाडणाऱ्या मावशी आत आल्या. टेबलाखाली पडलेली पट्टी त्यांनी उचलून तिच्यापुढे धरली.

“बाई, ही लागणार आहे का?”

तिने नकारार्थी मान हलवली. मावशींनी पट्टी केरात टाकली.

“पाय जरा वर घ्या,” त्या म्हणाल्या आणि तिच्या खुर्चीखालून झाडू फिरवला.