अंडीवाली चिंबोरी

आज किनाऱ्यावर जाळं सोडवताना हाताला एक चिंबोरी लागली. पोटाखाली अंड्यांचा नारिंगी गठ्ठा होता. आमच्यात अशी चिंबोरी परत समुद्रात सोडतात. पण हल्ली गावात माणसं वाढली, आणि गिऱ्हाईकं अंडीवालीच मागतात. मी तिला धरून नुसती उभी राहिले.

"सोडतेस, की तिचं बाळंतपणही तूच करणार?" जाऊबाई हसल्या.

माझ्या सुनेलाही सातवा महिना लागलाय. तिचं बाळ जेवायला बसेल तेव्हा गावात ताटं अजून वाढलेली असतील, समुद्र मात्र एवढाच. त्याला कळत असेल का, आम्ही किती झालो ते? बाळाच्या ताटात चिंबोरी येईल का?

मी पाण्यात वाकले. माझ्या बोटाला चिमटा काढून चिंबोरी तिरकी पळाली.