शर्तीवरची क्षमा

ज्या फादरांनी तुमची पापं ऐकून क्षमा दिली, ते फादरच नव्हते असं उद्या कोणी छापून वाटलं, तर त्या क्षमेचं तुम्ही काय कराल?

छापून वाटणारी मी होते.

आमचे पप्पा वसईत मिस्सा सुटली की चर्चच्या फाटकाबाहेर पत्रकं वाटत. लॅटिन मिस्सा जाऊन लोकभाषेतली नवी आली तिथेच श्रद्धा गेली, हा त्यांचा दावा. मी वाचायला शिकले ती त्यांच्या प्रुफांवर. मी कॉलेजला गेले तेव्हा विद्यार्थी विमानं भरभरून ऑस्ट्रेलियाला येत होते. मीही अकाउंटिंग शिकायला आले. सिडनीत हॅरिस पार्कच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच जणी. बॅगा उघडायच्या आधी मी जुनी मिस्सा करणारा गट शोधून काढला. भाड्याचा स्काउट हॉल, भिंतीवर दोरीच्या गाठींचे तक्ते, टेबलावर पांढरं कापड. बिशपांची परवानगी नव्हती. आम्हाला ती नकोच होती.

तिथले फादर सत्तरीला टेकलेले, मंगळूरचे. पण उमेदीची वर्षं नगरकडच्या खेड्यांत गेल्यामुळे मराठी अगदी घरची. माझी एक रूममेट नगरचीच, नर्सिंग करणारी. ती माझ्याबरोबर यायची, पण क्रिस्तप्रसादाला उठायची नाही. सहा वर्षं फादरांपुढे पापांचं कन्फेशन केलं नव्हतं, आणि त्याशिवाय प्रसाद घ्यायचा नसतो. एका रविवारी फादर तिला म्हणाले, "नगरची ना गं तू? मग मराठीतच बोल. देवाला इंग्रजीची परीक्षा द्यायची नाहीये."

ती आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, ती डोळे पुसत हसत होती. काय सांगितलं, मला आजही ठाऊक नाही. त्या दिवशी तिने सगळ्यांसाठी पोहे केले.

त्याच सुमारास मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. फादर होताना नव्या विधीने दिलेली गुरुदीक्षा संशयास्पद. संशय असेल तर ती सशर्त, म्हणजे 'पहिली खरी नसेल तर' असं म्हणून, पुन्हा द्यावी. पप्पांचे मुद्दे, माझी धार. इंग्रजीतही केलं. फ्लॅटवर चिडवाचिडवी झाली. "आली बघा लेडी पोप! मॅगी खायला परवानगी आहे ना?"

आपले फादर कोणत्या विधीचे, हे मी विचारलंच नव्हतं. जुनी मिस्सा करतात म्हणजे जुनेच असणार, असं धरून चालले होते.

गटाचे प्रमुख परदेशातून आले, तेव्हा त्यांच्या हातात माझं पत्रक होतं. मिस्सेनंतर हॉलच्या मागे चहा चालला होता. त्यांनी फादरांना सर्वांसमोर सांगितलं, तुमची दीक्षा नव्या विधीची. पुन्हा घ्या, नाहीतर इथे मिस्सा नको.

फादरांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "दीक्षेच्या वेळी हातांना तेल लावतात, बाळ. मग ते हात ज्या पट्टीने बांधतात, ती आईला देतात. माझी आई गेली तेव्हा ती पट्टी तिच्या हातांना बांधूनच पुरली. देवापुढे दाखवायला. आता तिला काय कळवू? शर्तीवर होती म्हणून?"

पुढच्या रविवारी ते नव्हते.

रूममेटने किचनमध्येच विचारलं, "माझं कन्फेशन काउंट झालं की नाही? येस की नो?"

"देवाची दया अशी..."

"दया तुझ्या पत्रकात कुठे होती गं?"

"दुसऱ्या फादरकडे जाऊ. मी येते सोबत."

"परत सांगू? एकदा सांगायला सहा वर्षं लागली मला!"

मी तिथल्या पॅरिशच्या, म्हणजे बिशपांच्या अधिकृत चर्चच्या, फादरांना विचारायला गेले. ते शांतपणे म्हणाले, बिशपांची परवानगी नसताना दिलेली ती क्षमा लागू होत नाही. तिला इकडे पाठव. म्हणजे एकमेकांना खोटं ठरवणाऱ्या दोन बाजूंचं एका गोष्टीवर एकमत होतं, आणि ती गोष्ट म्हणजे ही मुलगी. पप्पांना फोन केला. "तर्क बरोबर आहे. डगमगू नकोस," एवढंच म्हणाले.

तर्क मला अजूनही खोडता येत नाही. मी प्रयत्न केलाय.

रूममेट दूर टूवूंबाला एका हॉस्पिटलमध्ये नोकरीला लागली. पहिल्या नाताळला फोनवर म्हणाली, "चर्च लांब आहे, गाडी नाहीये." पुढच्या वर्षी गाडी आली. मग तिने कारण देणंही बंद केलं, मीही विचारणं.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. या रविवारी तुमच्या फादरांना गाठा, ते कोणत्याही बाजूचे असोत. जिने खऱ्या मनाने गुडघे टेकले, तिला क्षमा मिळाली की नाही, एवढंच विचारा. त्यांनी आधी हो म्हटलं आणि नियम नंतर काढले, तर मला कळवा. मी तिला त्यांच्याकडे घेऊन येईन. फक्त ते उत्तर छापू नका. तोंडीच सांगा.