सोजराबाईंची वेचणी

चिखलीत सोजराबाईंचं कृषी केंद्र होतं. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच उभं ठेवलं. बीटी कपाशीचं बियाणं आलं, गर्दी वाढली आणि बाई खुर्चीतून उठेनाशा झाल्या. दिवसभर गोड चहा, फरसाण.

२०१७च्या दिवाळीआधी सुलतानपूरला शेती करणारा त्यांचा धाकटा भाऊ इंद्रभान पिवळा पडला. पोटात पाणी झालं. माळकरी माणूस, दारूचा थेंब नाही. तरी गावात कुजबुज झालीच. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की लिव्हर निकामी झालंय, नातलगाने आपल्या लिव्हरचा भाग दिला तरच निभेल. रक्तगट सोजराबाईंचा जुळला. पण सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासला तर त्यांच्याही लिव्हरमध्ये चरबी निघाली. डॉक्टरीणबाईंनी नकार दिला.

सोजराबाई जागच्या हलल्या नाहीत. "दारू न पेता भावाचं लिव्हर गेलं कसं, ते मले समजून सांगा."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. चरबीने भरलेल्या पेशी काही वर्षं निमूट राहतात. मग त्यातल्या काही फुगून फुटतात. आतलं द्रव्य बाहेर सांडलं की शरीराला वाटतं, हल्ला झाला. ते तिथे सूज आणतं, आणि त्या सुजेत शेजारच्या चांगल्या पेशीही मरतात. वर्षानुवर्षं असं चाललं की उरतात ते नुसते वण. इंद्रभानचं तेच झालं होतं.

"तुमच्यात अजून सूज नाही, फक्त चरबी आहे. ती उतरते. पण भाऊ तीन महिन्यांपेक्षा जास्त थांबू शकणार नाही."

"मंग तीन महिने बस झाले मले," सोजराबाई म्हणाल्या.

दुकान मुलीच्या, पुष्पांजलीच्या, हवाली करून त्या सुलतानपूरला भावाच्या घरी राहायला गेल्या. साखर आणि तळलेलं बंद केलं. त्या साली गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली होती. किडकं बोंड फोडून कापूस काढायला दुप्पट वेळ लागे, म्हणून वेचायला कुणी येईना. सोजराबाईंनी वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधली आणि भावाच्या वावरात उतरल्या. पहिल्या दिवशी दोन तासांत बसल्या. आठवड्याने दुपारपर्यंत टिकल्या.

शेजारच्या बांधावरून कौशल्याबाई म्हणाल्या, "तुमच्याच दुकानातलं बियाणं हाय हे. पाहा आता त्याची दशा."

सोजराबाईंनी वाद घातला नाही. "खरं हाय, बाई. उद्या तुमच्या वावरात येतो वेचाले." आणि दुसऱ्या दिवशी गेल्याही. मग गावात ज्यांची कपाशी उभी होती, त्यांच्याकडे त्या पाळीपाळीने जात राहिल्या.

जानेवारीत त्यांचं वजन बारा किलोंनी उतरलं होतं. फेरतपासणीचा कागद डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचला आणि ऑपरेशनची तारीख दिली.

दोघंही सुखरूप बाहेर आली. महिनाभरात इंद्रभानच्या डोळ्यांचा पिवळेपणा गेला. जूनमध्ये त्याने कपाशीऐवजी सोयाबीन घ्यायचं ठरवलं आणि जड काम मना असताना पेरणीला स्वतःच तिफण धरली. सोजराबाई नेमक्या त्याच दिवशी आल्या होत्या. त्यांनी बांधावरूनच त्याला असं झापलं की तिफण मजुराच्या हाती देऊन तो मुकाट्याने सावलीत जाऊन बसला.