दोरावरची जागा

शुक्रवार, १२ एप्रिल २०२४ रोजी आमच्या यात्रा समितीने रथासाठी दोन नवे दोर आणले. बिल झाले १८,६४० रुपये. माण तालुक्यातल्या आमच्या गावात प्रत्येक घराची दोरावर जागा ठरलेली आहे. डाव्या दोरावर माझ्या पुढची जागा माझ्या दोस्ताची, जोतिबाची.

जोतिबाने एकतीस वर्षे नवी मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून पोती वाहिली, पण यात्रा कधी चुकवली नाही. "चाक हललं की वाटतं, म्याच हलिवलं," असे तो म्हणायचा.

"मलाबी तसंच वाटतं."

"मग दोघांनी हलिवलं!"

गेल्या दिवाळीत त्याच्या उजव्या अंगावरून वारे गेले. पाय ओढत तो चालू लागला, पण हात उठला नाही.

तरी यंदा तो आला. बनुबाईने, त्याच्या बायकोने, तो हात उचलून दोरावर ठेवला. रथ निघाला. शंभरेक पावलांवर जोतिबाने मान वळवली.

"खरं सांग रं गड्या. मी वढतोय, का नुस्ता धरून चाललोय?"

"वढतोयस की. दोर ताणलेला हाय न्हवं?"

"त्यो तुमी ताणलाय. थांब, सोडून बघतो."

"आरं, सोडू नगंस!"

त्याने सोडला. रथ जराही मंदावला नाही. आमच्या रीतीप्रमाणे दोर सुटलेल्या माणसाला देवळापर्यंत तो पुन्हा धरता येत नाही, आणि जागा मोकळी ठेवायची नसते.

"काका, सरका की फुडं!" माझ्या मागच्या जागेवरचा तरणा साईराज ओरडला. त्याच्यामागे शंभर माणसे जोरात होती. मी "थांबा" म्हणालो, ते वाजंत्रीत कुणाला ऐकू गेले नाही. मी पुढे सरकलो. जोतिबा कडेला उभा राहिला, मागे पडत गेला.

देवळापाशी रथ पोचल्यावर मी परत फिरलो. तो एसटी थांब्याजवळच्या टपरीवर बसला होता. त्याने दोन चहा सांगितले.

"माझ्याबिगर चालतोय रं त्यो."

"माझ्याबिगरबी चालंल."

"तू कुठं सोडून बघितलंस?"

मी त्याचा चहा त्याच्या डाव्या हाताशी सरकवला.

"पोरं काय मुंबईसनं यायची न्हाईत," तो म्हणाला. "फुडच्या साली माझी जागा तूच धर."

चहाचे वीस रुपये त्याने डाव्या हाताने मोजून दिले. त्यातले माझ्या वाट्याचे दहा रुपये अजून द्यायचे आहेत.