आज काय हाय?

सेफ्टी बेल्ट केसरीनाथच्या छातीवर बसेना. मेघालीनं पट्टा शेवटच्या खाचेपर्यंत सैल करून पाहिला, मागून ओढून पाहिला आणि शेवटी कपाटातून मोठ्या मापाचा दुसरा बेल्ट काढला.

"काका, जिमला जाता का?"

"न्हाय. पाण्यात जायचो."

तिला वाटलं, पोहायला. त्यानंही खुलासा केला नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिशीतल्या मुलीसमोर हात वर करून उभं राहून पट्टा बांधून घेताना याहून जास्त बोलणं त्याला जमलं नसतं.

अंजूरच्या रस्त्याला, जिथं पूर्वी भाताची खाचरं होती, तिथं हे गोडाऊन उभं आहे. आत छताला भिडलेले लोखंडी रॅक, सात लेव्हलचे. वरचा माल काढायला एक प्रकारचं मशीन आहे. त्याच्या जाळीदार फळीवर माणसानं उभं राहायचं, बेल्टचा हूक अडकवायचा आणि दांडी दाबायची. फळी माणसाला घेऊन वर जाते. खाली पॅकिंगला माणसं भरून झाली होती. जागा होती ती या फळीवर. तीन दिवसांची ट्रायल, आणि ती घेणारी मेघाली. अंबाडीहून ती रोज स्कूटीनं येई, आणि तिची सही झाली तरच माणूस कामावर लागे. बाहेरच्या बाकावर आणखी दोघं वाट बघत होते.

सकाळी भरलेल्या फॉर्मवर एक प्रश्न होता : उंचीची भीती वाटते का? केसरीनाथनं 'नाही'वर खूण केली. मग पेन ठेवून त्यानं मान वर करून रॅककडे पाहिलं, आणि त्याचं उत्तर खोटं झालं. खोडायला मात्र हात पुढे झाला नाही.

तो आयुष्यात कधी उंच चढला नव्हता. तो खाली उतरणारा माणूस होता. वीस वर्षं त्यानं गावच्या खाडीतून रेती काढली. होडी मध्यावर न्यायची, तळात लांब वासा रोवायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि बालदी घेऊन वाशाला धरून डुबी मारायची. पंचवीस-तीस फूट खाली. तळाशी हातांनी रेती चाचपून बालदी भरायची, दोरीला झटका द्यायचा, आणि वर. होडीत त्याचा जोडीदार मोरू असे. तो बालदी ओढायचा, आणि पाण्याकडे बघत केसरीनाथचा श्वास मोजायचा. त्या कामात दिशा दोनच होत्या, आणि त्या अंगाला पाठ होत्या.

मग खाडीतली रेती काढणं बंद झालं. होड्या काठावर पालथ्या पडल्या. पुढच्या चार वर्षांत केसरीनाथनं रिक्षा चालवली, शेलारला एका लूमच्या कारखान्यात कापडाचे तागे उचलले, एका गेटवर वॉचमन म्हणून बसला. रिक्षा घेऊन कल्याण नाक्याला पोचला की चारी बाजूंनी हॉर्न सुरू होत, आणि मागची सवारी ओरडे, "अरे भाई, जाना किधर है, मालूम है ना?" त्याला खरंच ठाऊक नसे. सगळी माणसं सरळ चालली आहेत आणि आपल्याला सरळ जाणं कोणी शिकवलंच नाही, असं त्याला वाटे.

या गोडाऊनचं कळलं तेव्हा त्यानं मनाशी एक ठरवून टाकलं. हेही जमलं नाही, तर आपण कशाच्याच कामाचे उरलो नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, विनितालाही नाही.

"रेडी?" मेघालीनं विचारलं.

त्यानं मान हलवली, हूक अडकवला, दांडी दाबली.

पहिली लेव्हल गेली. दुसरी गेली. फळीच्या जाळीतून खालची फरशी दिसत होती, तिच्यावरचे पिवळे पट्टे दिसत होते, मेघालीचं हेल्मेट दिसत होतं. खाडीचं पाणी गढूळ. तिथं तो डोळे मिटूनच जायचा. खोली कानांना कळायची, बरगड्यांना कळायची, पण कधी दिसली नव्हती. इथं पायाखालची खोली उजेडात उघडी पडली होती, आणि प्रत्येक हातागणिक वाढत होती. त्यानं कठडा असा धरला की नखं पांढरी झाली. तिसरी. चौथी. छातीत काहीतरी घट्ट झालं. बोटांना मुंग्या आल्या. पाचव्या लेव्हलला रॅकच्या कडा काळ्या पडायला लागल्या, आणि त्याला वाटलं, आता आपण इथंच, ह्या खोक्यांच्या मध्ये मरणार.

मेघालीनं खालचं बटण दाबून फळी उतरवली. तो फरशीवर बसला. श्वास असा आवाज करत आत आला की शेजारच्या मशीनवरचा विपुल हसला. "काका, वर हवा कमी पडली वाटतं!"

पॅकिंगच्या टेबलावरही हसू पसरलं. मेघाली हसली नाही.

"जेवला नव्हता?"

"जेवलो."

"बीपी आहे?"

"न्हाय."

"उद्या परत बघू. पण उद्याही असं झालं तर मी सही करणार नाही, काका. वरून माणूस पडला तर मला आयुष्यभर झोप नाही लागायची."

संध्याकाळी घरी विनिता दारातच उभी होती. शेजारच्या ठकुबाईला तिनं सकाळीच सगळं सांगून टाकलं होतं.

"आलं बघ उडून आमचं इमान," ती ठकुबाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "कसा हाय वरचा वारा?"

"बरा हाय."

चहाची बशी तोंडाकडे नेताना चहा शर्टावर सांडला. विनितानं ते पाहिलं. थट्टा थांबली.

"हात का कापतो?"

"मशीन हलतं दिवसभर. त्येचंच."

तिनं फडकं घेऊन त्याचा शर्ट पुसला, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ. मग म्हणाली, "मोरूदादानं निवट्या धरल्यात म्हणं. जा, घेऊन ये." घरात सकाळचं कालवण शिल्लक होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

ओहोटी लागली होती. मोरू चिखलाच्या कडेला, पालथ्या होडीवर बसून टोपलीतले मासे निवडत होता. साठी उलटलेला, वाळलेला माणूस.

"काय रं, वरच्या मानसा?"

केसरीनाथ होडीला टेकला. समोर चिखलावर निवट्या, ते बोटभर मासे, टुणटुणत होत्या. मग त्यानं सांगितलं : मुंग्या, अंधारी, घट्ट झालेली छाती. "मना वाटतं, काळजात काय तरी बिघडलंय. आत्ता न्हाय तर उद्या जानार मी."

मोरूचे हात थांबले. "वर जाताना श्वास घेतलास?"

"मंजे?"

"मंजे श्वास. नाकातून. घेतलास का?"

केसरीनाथनं आठवून पाहिलं. बेल्ट बांधला. हूक अडकवला. छाती भरून घेतली. फळी हलली, आणि... पुढे काही आठवेना. छाती भरून घेतल्यावर वीस वर्षं जे करत आला, तेच त्यानं केलं होतं.

"मेल्या, डुबी मारलीस तू!" मोरू हसला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. "आरं, वर हवा हाय! फुकटची हाय! ती सोडून नाक दाबून चढलास?"

केसरीनाथही हसला. गोडाऊनमध्ये विपुल हेच बोलला होता आणि तेव्हा ते झोंबलं होतं. पण हसू लवकरच विझलं.

"तरी पन भीती वाटतेच, दादा. श्वास घेतला तरी वाटंल. खाली बघितलं का पाय ऱ्हात न्हायत."

"सांगितलंस?"

"कोनाला?"

"जो खाली हुबा हाय त्येला."

"पोरगी हाय ती. हसंल. आन कागदावर मी न्हाय लिवलंय."

मोरूनं टोपलीवर फडकं टाकलं. "मंग खोटं बोलून उतरलास तू. तसा मानूस मी होडीत घेतला असता का?"

केसरीनाथनं पालथ्या होडीवरून हात फिरवला. खाडीत रोज पहिल्या डुबीआधी मोरू त्याला विचारायचा, "आज काय हाय?" आणि खरं सांगावं लागायचं. सर्दी हाय. घरी भांडण हाय. रात्री जास्त झाली हाय. जे असेल ते. त्यावर कोणी हसायचं नाही. मोरू त्या दिवशी तेवढं कमी मोजायचा आणि लवकर वर बोलवायचा. एकदाच, शेजारच्या होडीतला नामा खाली गेला आणि वर आला नाही त्या आठवड्यात, केसरीनाथ म्हणाला होता, "आज भीती हाय." मोरूनं त्याला घरी पाठवलं नव्हतं. त्या दिवशी मोरू वाशाला लोखंडी कडीनं ठोकत राहिला. लाकडातून तो आवाज तळापर्यंत उतरायचा. टक. मी हाय. केसरीनाथ खालून वासा हलवायचा. मी पन हाय.

"जा आता," मोरू म्हणाला. त्यानं निवट्या पिशवीत भरून दिल्या.

दुसऱ्या दिवशी गोडाऊनच्या गेटपासून त्या मशीनपर्यंतची वाट केसरीनाथला सर्वांत लांब वाटली. उंचीची भीती होतीच. तिच्यावर आता दुसरी येऊन बसली होती. सांगितलं तर आज दुपारीच तो रस्त्यावर असेल आणि बाकावरचा माणूस फळीवर. नाही सांगितलं तर... पाचव्या लेव्हलचा काळोख त्याला आठवला.

मेघालीनं बेल्ट बांधला. "रेडी?"

त्यानं हूक अडकवला. मग काढला.

"म्याडम, आज भीती हाय."

तिनं त्याच्या हातातल्या सुट्या हुकाकडे पाहिलं.

"कालबी व्हती. कागदावर खोटं लिवलं मी."

"काल का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर फळीवर घेतलं असतं?"

"नाही," ती सरळ म्हणाली. "आज तरी का घेऊ?"

पाठीमागे विपुलचं मशीन थांबलं होतं. तो ऐकतो आहे हे केसरीनाथला पाठीवर कळत होतं. तरी तो बोलला. खाडी, वासा, कोंडलेला श्वास, मोरूचा रोजचा प्रश्न. वाक्यं अडखळत होती, मध्येच मागे जात होती. चार वर्षांत तो कुणाशी एवढा बोलला नव्हता. शेवटी म्हणाला, "भीती जानार न्हाय. पन श्वास सोडायची आठवन कोनी दिली तर मी जाऊन येईन. तुमी खालून ह्या लोखंडावर ठोकाल? येवढंच."

मेघालीनं टेबलावरून त्याचा फॉर्म उचलला. कालची खूण खोडली आणि 'हो'वर केली. संपलं, केसरीनाथला वाटलं. कागद तिनं परत क्लिपला लावला, खिशातून स्कूटीची चावी काढली आणि रॅकच्या खांबाला लावून पाहिली. टक.

"असं?"

"जरा जोरात."

"एक लेव्हल. मग खाली. मग दोन. मी सांगितल्याशिवाय पुढे नाही. आणि मी ठोकलं की तुम्ही वरून ठोकायचं. दुसऱ्यांदा ठोकूनही उत्तर नाही आलं, किंवा तुम्ही दोनदा ठोकलंत, तर फळी खाली."

पहिल्या लेव्हलला आवाज आला. त्यानं श्वास सोडला. तो एवढा वेळ धरून ठेवला होता हे सोडल्यावर कळलं. बोटातल्या अंगठीनं कठड्यावर ठोकलं. दुसऱ्या लेव्हलला भीती तशीच होती. तिसऱ्या खेपेला खालून माल घेऊन एक गाडी हॉर्न वाजवत गेली आणि त्यात चावीचा आवाज हरवला. तो वाट बघत राहिला. छाती पुन्हा कोंडली, हात कठड्याला चिकटले, रॅकच्या कडा हलल्या. मग खांबातून, पायांतून, पुन्हा एकदा टक. त्यानं तोंड उघडून हवा आत घेतली. धुळीची, पुठ्ठ्याची, कोरडी हवा. चौथ्या लेव्हलला त्यानं एक हात सोडला, सांगितलेल्या नंबरचं खोकं फळीवर ओढलं. पाचवीला फळी टेकण्याआधीच त्यानं दोनदा ठोकलं, आणि मेघालीनं लगेच त्याला खाली घेतलं.

"जमलं न्हाय," तो म्हणाला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"चौथीपर्यंत जमलं."

तिसऱ्या दिवशीही चौथीच. मोजून अकरा खेपा, अकरा खोकी. संध्याकाळी तिनं सही केली आणि सहीच्या वर लिहिलं : सध्या चौथ्या लेव्हलपर्यंत, खाली माणूस हवा. केसरीनाथनं ते दोनदा वाचलं. घरी विनितानं ठकुबाईला हाक मारली तेव्हा त्यानं तिला अडवलं. "सगळ्या सात न्हाय हां, चारच सांग."

"चार तर चार. तू ह्या घराच्या पत्र्यावर तरी कधी चढलास?"

सोमवारी सकाळी मशीनची तिन्ही माणसं बेल्ट लावून उभी होती. मेघाली हातात चावी घेऊन आली, नेहमीप्रमाणे हजेरीचा कागद काढला, आणि थोडी थांबली. हा प्रश्न तोंडात बसवायला तिला जरा वेळ लागला.

"विपुल, आज काय आहे?"

विपुल हसायला लागला. केसरीनाथकडे पाहिलं, आणि हसू आवरलं. "ताप आहे, मॅडम. कालपासून."

"बेल्ट काढ. आज खाली." ती पुढे सरकली. "काका, आज काय हाय?"

केसरीनाथनं मान वर करून रॅककडे पाहिलं. चौथी लेव्हल होती तेवढ्याच उंचीवर होती.

"भीती हाय," तो म्हणाला. "मागल्या खेपेयेवढीच."

तिनं ते कागदावर लिहून घेतलं. त्यानं हूक अडकवला, श्वास घेतला आणि सोडला.